डॅशबोर्ड एकदाच उघडायचा: गाडीची कूलिंग कॉइल आणि हीटर कोअर बदलण्याचं काम, पायरी पायरीने

मार्च संपत आला की सांगलीत गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं: "गॅस भरून द्या." मागच्या उन्हाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार अण्णा आले. दोन महिन्यांत तीनदा गॅस भरून झाला होता. "दादा, पंधरा दिवस बर्फासारखं गार, सोळाव्या दिवशी नुसता पंखा," ते म्हणाले. तपासलं तर गळती डॅशबोर्डच्या पोटात, कूलिंग कॉइलला. डॅश पूर्ण उतरवावा लागेल म्हटल्यावर अण्णा गप्प झाले. मग हळूच विचारलं, "एकदा डॅश उघडला की गाडी खुळखुळ्यासारखी वाजते म्हणतात. खरंय का?"

अर्धं खरं आहे. घाईत उघडलेला, स्क्रूंची सरमिसळ झालेला, क्लिपा मोडून तसाच दाबून बसवलेला डॅश वाजतोच. शांतपणे उघडून शांतपणे बसवलेला वाजत नाही. ज्यांना हे काम स्वतः करायचंय त्यांच्यासाठी मी सगळं सविस्तर लिहितोय. गॅरेजला गाडी देणाऱ्यांनाही काय विचारायचं आणि कुठे उभं राहून बघायचं ते यातून कळेल. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: हा डॅश पुन्हा उघडायची वेळ येता कामा नये.

आधी खात्री, मग पाना

डॅशबोर्डच्या आत एक प्लॅस्टिकची मोठी पेटी असते. तिच्यात हवा ढकलणारा ब्लोअर, हवा गार करणारी कूलिंग कॉइल, इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाने (कूलंटने) हवा गरम करणारा हीटर कोअर आणि हवेची वाट बदलणाऱ्या झडपा असतात. आपल्याकडे त्या पेटीला हीटर बॉक्सच म्हणतात. गार हवा येत नाही म्हणून थेट ही पेटी उघडायला जाणं म्हणजे आधी कळस मग पाया. बाहेरची सोपी कारणं आधी संपवा.

केबिन फिल्टर बघा. काही गाड्यांत फिल्टरची जागा असते, पण फिल्टर बसवलेलाच नसतो. मग गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा बगॅसचा (उसाच्या चिपाडांचा) भुसा आणि चिमणीची काजळी थेट कॉइलवर जाऊन बसते. हळद पेठेत रोज उभी राहणारी एक गाडी मी उघडली होती, तिच्या कॉइलवर पिवळा लेप चढला होता. अशी कॉइल फुटलेली नसते, गुदमरलेली असते. त्यानंतर रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरची जाळी चिखलाने भरलीय का, त्याचा पंखा फिरतोय का, हे पाहा. गरम-गार करण्याचं बटण फिरवल्यावर डॅशमधून टक टक टक असा आवाज येत असेल तर झडपेची मोटर किंवा तिची दातेरी चक्री गेली आहे. ती मोटर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढून हाताला लागते.

आता गॅसचं. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन चालू न करता एसीच्या पाइपांना दोन्ही गेज (दाब मोजायची मीटर) लावा. आर-१३४ए गॅस असलेल्या गाडीत बाहेर ३० अंश असताना दोन्ही काटे साधारण ९५ ते १०० पीएसआयवर सारखे उभे राहायला हवेत. गॅस थोडा कमी असला तरी आत थेंबभर द्रव शिल्लक आहे तोवर हा आकडा फारसा हलत नाही. काटे ४०-५० वर दिसले तर सिस्टीम जवळजवळ रिकामी आहे आणि गळती मोठी आहे.

गळती कुठे, हे शोधण्यासाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरतात. आर-१३४ए हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली उतरतो. म्हणून ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं आणि कॉइलचं पाणी गाडीखाली जिथून टपकतं, त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टरचं टोक धरायचं. तिथे तो ओरडला तर गळती बहुधा पेटीच्या आतच आहे. दुसरी वाट रंगाची: सिस्टीममध्ये चमकणारा डाय घालायचा, आठ-दहा दिवस गाडी चालवायची आणि जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चने ड्रेनचं तोंड बघायचं. हिरवट-पिवळं तेल चमकलं की शंका संपली. बाहेरच्या सगळ्या पाइपांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मात्र आधीच लावून पाहा. एका ओ-रिंगसाठी (सांध्यातल्या रबरी कड्यासाठी) अख्खा डॅश उतरवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हीटर कोअरची लक्षणं वेगळी. काचेवर आतून तेलकट, पुसल्यावर फरपटणारी वाफ, केबिनमध्ये गोडसर वास, डाव्या किंवा मधल्या पायाजवळचं कार्पेट चिकट ओलं आणि कूलंटची पातळी हळूहळू खाली. कार्पेट ओलं आहे पण पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर ते एसीचं पाणी आहे, ड्रेन पाइप तुंबलाय. कूलंट बोटांनी चाचपून बघा, चव अजिबात घेऊ नका. एथिलिन ग्लायकोल विषारी आहे आणि गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून जमिनीवर सांडलेलंही लगेच पाण्याने धुवा.

कोअर फुटला की त्याचे दोन्ही होज (कूलंटचे रबरी पाइप) एकमेकांना जोडून हीटर वगळून टाकायची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे. "सांगलीत हीटर लागतो कुणाला?" असं म्हणतात. पण हीच गाडी जुलैमध्ये वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाते तेव्हा पुढची काच धुक्याने पांढरी होते. ती साफ करायला एसीने कोरडी केलेली आणि हीटरने कोमट केलेली हवाच लागते. मला हा बायपास मनापासून नापसंत आहे. चार दिवसांची सोय म्हणून ठीक, पण पावसाळ्याआधी कोअर बदला.

डॅश खरंच काढावा लागतो का

सगळ्याच गाड्यांत नाही. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत कूलिंग युनिट ग्लोव्ह बॉक्सच्या मागे वेगळं बसवलेलं असतं आणि डॅश न हलवता बाहेर येतं. काही गाड्यांत हीटर कोअर चालकाच्या पायाशेजारून बाजूने सरकतो. आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि आधी तेवढं पान वाचा. पेटी अखंड आणि क्रॉस बीमच्या (डॅशमागच्या आडव्या लोखंडी दांड्याच्या) मागे असेल तर मात्र पुढचं सगळं करणं आलं.

जमवाजमव

घरी करणार असाल तर सलग तीन-चार दिवस गाडी लागणार नाही असे निवडा. छपराखाली जागा हवी. दहा आणि बारा नंबरच्या गोट्या (बोल्ट सोडवायचे गोल पाने), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, फुलीचे दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, काही गाड्यांना टॉर्क्सचे बिट, प्लॅस्टिकच्या पट्ट्या म्हणजे ट्रिम टूल, डोक्याला बांधायचा टॉर्च, गॉगल, हातमोजे. जोडीला झिप लॉकच्या पिशव्या, मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि दोन जुन्या गोधड्या. गोधडीवर डॅश ठेवला की ओरखडा उठत नाही.

सुट्या भागांत कॉइल किंवा कोअर एकटा आणू नका. डॅश उघडल्यावर हाताशी येणारं आणि तुलनेने स्वस्त सगळं एकदमच बदलायचं: एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप), सगळ्या ओ-रिंग, हीटरचे होज आणि क्लिपा, केबिन फिल्टर, झडपांवरचा फोम. सिस्टीम बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग). कॉइल बदलताना हीटर कोअर दहा वर्षांचा झाला असेल तर तोही बदला असं मी आग्रहाने सांगतो. गिऱ्हाइकाला सुरुवातीला जड वाटतं. पण कोअर पुढच्या वर्षी गळला तर हीच मजुरी पुन्हा.

नवा भाग गाडीशी लावून पाहिल्याशिवाय जुना काढू नका, असं म्हणता येत नाही, कारण जुना आतच असतो. म्हणून दुकानातून घेताना पार्ट नंबर चासी नंबरवरून जुळवा आणि परत घेतील याची खात्री करा.

गॅस आणि कूलंट बाहेर

गॅस हवेत सोडायचा नाही. वाऱ्यावर सोडलेला आर-१३४ए हवेतली उष्णता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक धरून ठेवतो. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे फवारा हातावर किंवा डोळ्यावर आला तर तिथली कातडी गोठते. रिकव्हरी मशीन असलेल्या दुकानात गाडी नेऊन गॅस काढून घ्या आणि किती ग्रॅम निघाला, मशीनमध्ये किती तेल आलं, ते लिहून घ्या. तेलाचा आकडा नंतर लागतो. २०१७-१८ नंतरच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ गॅस असू शकतो, बोनेटखालचं लेबल वाचूनच पुढे जा.

कूलंट इंजिन पूर्ण गार असतानाच काढायचं. रेडिएटर रिकामा केला की फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे) हीटरचे दोन होज सोडवा. जुना होज पाइपला चिकटलेला असतो. तो ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. तरीही न हलल्यास ब्लेडने होजच कापा, कारण कोअरची नळी पातळ असते आणि वाकली तर संपली. मग एका नळीतून हलक्या दाबाची हवा मारून दुसरीखाली बादली धरा. कोअरमध्ये अडकलेलं अर्धा-पाऊण लिटर इथेच निघून जातं, नाहीतर पेटी उचलताना ते सगळं कार्पेटवर सांडतं. दोन्ही तोंडांना बूच मारा.

फायरवॉलवर एसीचे दोन पाइप बहुतेक गाड्यांत एकाच बोल्टने धरलेले असतात. ते सोडवलं की त्याच क्षणी चारही तोंडं प्लॅस्टिक आणि रबराने घट्ट बांधा. आत असलेलं पीएजी तेल (एसीचं वंगण) हवेतला ओलावा पिऊन घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओली असते ते सांगायला नको.

बॅटरी, एअरबॅग आणि दहा मिनिटांची शांतता

१ जुलै २०१९ पासून नव्या कारना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे आता हाताखाली येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती असते. पुढची चाकं सरळ करा, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून बाजूला बांधा आणि दहा मिनिटं गाडीला हात लावू नका. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो. मॅन्युअलमध्ये याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा.

पिवळे सॉकेट म्हणजे एअरबॅगच्या वायरींचे जोड. त्यांना मल्टीमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून, उन्हापासून लांब, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. स्टीअरिंग काढावं लागलं तर त्यामागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) चिकटपट्टीने जागेवर बांधून टाका. ती फिरली आणि तशीच बसवली तर पहिल्या पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

आतलं सोडवणं

आधी पुढच्या दोन्ही सीट बाहेर काढा. चार-चार बोल्ट आणि खालचे सॉकेट, वीस मिनिटांचं काम, पण पुढचे दोन दिवस पाठ वाचते. बरेच जण हे टाळतात आणि मग गिअरच्या दांड्यावर वाकून काम करतात.

क्रम असा ठेवा. गिअर नॉब, मधला कन्सोल, हँडब्रेकचं कव्हर. मग ग्लोव्ह बॉक्स आणि स्टीअरिंगखालचं कव्हर. मग स्टिरिओची पट्टी, स्टिरिओ आणि एसीची बटणं. केबलवर चालणारी बटणं असतील तर केबल काढण्याआधी ती कुठल्या खाचेत होती याचा फोटो घ्या, रंगाने खूण करा. एक खाच चुकली तर "गरम" वर टोक गाठत नाही आणि पुढे सगळा दोष नव्या कोअरवर येतो. त्यानंतर मीटर, दोन्ही ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबांच्या) पट्ट्या, डॅशच्या टोकांची झाकणं, काचेजवळची जाळी.

प्रत्येक टप्प्याची एक पिशवी. पिशवीवर नाव, स्क्रूंची संख्या आणि क्रमांक. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो मागच्या वायरिंगमध्ये घुसू शकतो, म्हणून हा हिशेब. फोटो काढताना जवळून एक आणि लांबून एक असे दोन काढा. जवळच्या फोटोत सॉकेट दिसतो, पण तो गाडीत कुठे आहे हे चार दिवसांनी आठवत नाही.

प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत कडक होतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी काम करू नका, गाडी तासभर उन्हात उभी करा, क्लिपा मऊ होऊन न मोडता निघतात. आणि जोर लावायची इच्छा झाली की थांबायचं. न निघणाऱ्या तुकड्यामागे नेहमी एक न दिसलेला स्क्रू असतो. तो ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्याखाली, कप होल्डरच्या रबराखाली किंवा मीटरच्या खोबणीत सापडतो.

स्टीअरिंग कॉलम पूर्ण काढायची गरज सहसा नसते. त्याचे वरचे नट-बोल्ट सोडून तो खाली सीटच्या जागेवर टेकवायचा, खाली गोधडीची घडी द्यायची. वायरींवर तो लोंबकळता ठेवू नका.

बाजूच्या प्रवाशाची एअरबॅग क्रॉस बीमला बोल्टने धरलेली असते. तो बोल्ट विसरून डॅश ओढल्यामुळे तडा गेलेले डॅश मी पाहिलेत. तो सोडला, पिवळा सॉकेट काढला, की डॅशचे मुख्य स्क्रू: दोन्ही टोकांना, मध्ये खाली, वर काचेच्या कडेला. आता दोघांनी दोन बाजूंनी धरून डॅश इंचभर मागे घ्यायचा आणि थांबायचं. मागे टॉर्च मारून कुठली वायर अजून जोडलेली आहे ते बघायचं. मग दाराच्या कडांवर गोधडी टाकून, थोडा तिरका करून डाव्या दारातून बाहेर.

आता समोर लोखंडी क्रॉस बीम आणि त्यावर आडवी पसरलेली वायरिंग दिसेल. बहुतेक गाड्यांत बीमही सुटा करावा लागतो. वायरिंग बीमवरून सोडवत बसू नका, बीम वायरिंगसकट मागे सरकवा. अर्थच्या वायरी ज्या बोल्टला आहेत त्यांना पांढऱ्या रंगाचा ठिपका लावा. एक अर्थ सैल राहिली तर मीटरचे काटे नाचतात आणि ते दुखणं शोधायला दोन दिवस जातात.

पेटीचे एक-दोन नट इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर असतात. ते काढा, ड्रेन पाइप सोडवा, पेटीखाली जुनं टॉवेल पसरा आणि दोन्ही हातांनी सरळ मागे ओढा.

पेटी उघडल्यावर

पेटी टेबलावर घेतली की मी आधी काही न धुता नुसती बघतो. कुठे तेलाचा डाग आहे, कुठे कूलंटची पांढरी रेघ वाळलीय, पाणी कुठे साचत होतं. रोगाचं कारण इथे लिहिलेलं असतं. ड्रेन तुंबून पानं आणि माती कॉइलच्या पायाशी साचली असेल, तर ॲल्युमिनियम तिथेच कायम ओलं राहून खंगत गेलेलं असतं. अशा गाडीत फक्त कॉइल बदलून ड्रेन तसाच ठेवला तर नवी कॉइलही त्याच वाटेने जाते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काहींचे सीट-कार्पेट धुऊन झाले, पण हीटर बॉक्स कुणी उघडला नाही. नंतर त्या गाड्यांच्या पेट्यांतून मी वाळलेली गाळाची वडी काढली आहे. तुमची गाडी पुरातली असेल, किंवा जुनी घेताना तशी शंका असेल, तर कन्सोलखालचा जमिनीवरचा एअरबॅगचा कंट्रोल युनिटही याच वेळी बघून घ्या. तो बऱ्याच गाड्यांत सगळ्यात खाली बसवलेला असतो आणि त्याचे पिन गंजलेले सापडतात.

पेटीचे क्लिप आणि स्क्रू काढून दोन भाग वेगळे करा. कॉइलच्या पात्यांमध्ये खोचलेला एक बारीक सेन्सर असतो. तो कितव्या ओळीत आणि किती खोल होता ते पट्टीने मोजा. जागा चुकली तर त्याला कॉइलचं खरं तापमान कळत नाही, कॉम्प्रेसर वेळेवर बंद होत नाही आणि लांबच्या प्रवासात कॉइलवर बर्फ चढून हवाच अडते.

पेटी साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. झडपांवरचा काळा फोम बोटाने दाबून बघा. तो भुगा होत असेल तर जाळीतून काळे कण अंगावर येत होते ते हेच. सगळा खरवडून त्याच जाडीचा, पाणी न पिणारा चिकट फोम लावा. जास्त जाड लावला तर झडप पूर्ण मिटत नाही आणि तिच्या मोटरवर ताण येतो. झडपेचा दांडा तडकलेला दिसला तर आत्ताच बदला.

नवी कॉइल जुनीशेजारी ठेवून नळ्यांचे कोन, उंची, जाडी जुळवा. ओ-रिंग एसीच्या तेलात बुडवून बसवा, कोरडी रिंग पिळून कापली जाते. एक्सपान्शन व्हॉल्व्हचे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळा, आणि टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमधलाच. व्हॉल्व्हभोवती काळी डांबरी इन्सुलेशन टेप गुंडाळायला विसरू नका, नाहीतर तो घामेजतो आणि पाणी पायाशी टपकतं. नव्या कॉइलमध्ये साधारण ३० ते ५० मिलि तेल घालावं लागतं. नेमका आकडा मॅन्युअलचा, आणि रिकव्हरीत निघालेलं तेल त्यात मिळवायचं. हीटर कोअरच्या कडेने फोमची पट्टी पूर्ण फिरवा, नाहीतर थंड हवा कोअरला वळसा घालून निसटते.

डॅश बसवण्याआधीची परीक्षा

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा. पेटी फायरवॉलवर बसवली, पाइप आणि होज जोडले, की डॅश अजिबात उचलू नका.

एसीच्या बाजूला कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा. अर्धा तास काटा हलता कामा नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. नायट्रोजनच्या जागी टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका, तिच्यात पाणी असतं. कूलंटच्या बाजूला रेडिएटर तपासायचा हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, साधारण एक बार, दाब द्या आणि वीस मिनिटं कोअरच्या नळ्या कोरड्या कागदाने पुसून बघा. मग कॉइलखालच्या भागात लिटरभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पूर्ण उतरतंय ना, हे वाकून बघा.

ड्रेनचं मी मुद्दाम सांगतोय. सुरुवातीच्या काळात एका गाडीत ड्रेन पाइपचं रबर मी फायरवॉलच्या भोकात नीट बसवलं नव्हतं. डॅश चढवला, गॅस भरला, हवा उत्तम. आठ दिवसांनी गाडीचे मालक काका परत आले, पायाखालचं कार्पेट भिजून कुबट वास येत होता. डॅश पुन्हा उतरवला, माझ्या खर्चाने. काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून लिटरभर पाणी ओतल्याशिवाय मी डॅश उचलत नाही.

परत बसवणं

उलट क्रमाने, पिशव्यांच्या क्रमांकाने. आधी बीम, अर्थच्या वायरी, मग डॅश. डॅश जागेवर ढकलताना एकाने आत मान घालून वायरिंग कुठे चिमटत नाही ना, हे बघत राहायचं. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक टेकतं अशा प्रत्येक जागी, जुनी घासल्याची चकाकी दिसते तिथे, कापडी टेप लावा. मोडलेली क्लिप परत वापरू नका, नवी घ्या. सगळे स्क्रू आधी हाताने दोन-चार आटे लावून घ्यायचे, डॅश सगळीकडून जागेवर आला की मगच आवळायचे. एक बाजू आधी घट्ट केली की दुसरीकडची भोकं जुळत नाहीत, मग ताण राहतो, आणि खड्ड्यात आवाज येतो तो त्या ताणाचा.

एअरबॅगचे सॉकेट लागले, बोल्ट आवळले, याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडा, आणि ती जोडताना गाडीत कुणी बसलेलं नको. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर स्कॅनर लावल्याशिवाय गाडी चालवू नका.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन चालू करून होज हळूहळू दाबत हवा बाहेर काढा, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरचे दोन्ही होज सारखे गरम लागले की हवा निघाली.

व्हॅक्युम आणि गॅस

व्हॅक्युम पंप किमान पाऊण तास चालवा. व्हॅक्युमचं काम हवा काढण्यापुरतं नाही, आतला ओलावा वाफ करून ओढून घेण्याचंही आहे. गेजवर (पाऱ्याचे) २९ इंच आलेच पाहिजेत असा हट्ट धरणारे भेटतात. समुद्रसपाटीला ते ठीक. उंची ३०० मीटरने वाढली की सुमारे एक इंच कमी होतो. साडेपाचशे मीटरवरच्या सांगलीत काटा २८ च्या आसपास थांबतो, साताऱ्यात त्याहून थोडा खाली, आणि महाबळेश्वरला साडेपंचवीसच्या पुढे चांगला पंपही जात नाही. पंप खराब समजून नवा घेऊ नका. पंप बंद करून वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही, हे महत्त्वाचं.

गॅस बोनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, वजनकाट्यावर. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असतो, त्यामुळे ५० ग्रॅमची चूकही जाणवते. पाइप हाताला गार लागेपर्यंत भरत राहायची जुनी सवय सोडा. लेबल नसलेल्या स्वस्त सिलिंडरचा गॅस आणि गळती बुजवणारी द्रवं गाडीत घालू नका. ती द्रवं पुढे व्हॉल्व्ह आणि मशीन दोन्ही तुंबवतात.

मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा, आतली हवा फिरवण्याचं बटण लावा, ब्लोअर मधल्या वेगावर, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर. पाच-सात मिनिटांत ६ ते १० अंश दिसले तर काम फत्ते. चाळीस अंशांच्या दुपारी दहा-बारा दिसले तरी वाईट नाही.

अण्णांची गाडी घेऊन आम्ही दंडोबाच्या डोंगराकडे गेलो होतो, मुद्दाम खराब रस्त्याने, स्टिरिओ बंद ठेवून. कान डॅशकडे. उजव्या जाळीजवळ एक बारीक किरकिर सापडली, परत येऊन पट्टी काढली, टेपचा तुकडा लावला, ती गेली. कूलंटची पातळी त्यांना आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर बघायला सांगितली, आणि पंधरा दिवसांनी डिटेक्टर लावायला बोलावलं. ते आले तेव्हा मागच्या सीटवर नातू झोपला होता, म्हणून इंजिन बंद न करता आधी नुसता ड्रेनखाली टॉर्च मारून बघितला. स्वच्छ पाणी टपकत होतं.